बाहेर थांबलेल्या आईची संमती

९ मे १९९५ रोजी दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित महिला एका खासगी क्लिनिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला गेली. नऊ दिवस झाले तरी पाळीचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्ट पाहिला आणि उद्या या म्हणून सांगितलं. भूल देऊन पोटात दुर्बीण घालून पाहू, म्हणजे निदान पक्कं होईल. दुसऱ्या दिवशी ती आईला सोबत घेऊन आली. भरतीच्या कार्डावर सही झाली, भरती आणि उपचारांच्या संमतीपत्रावर झाली, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरही झाली. या तिसऱ्या कागदात सहायक डॉक्टरांनी भरलेल्या मजकुराचा अर्थ एवढाच होता: निदानासाठी व उपचारासाठी लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालणं); लॅपरोटॉमी (पोट उघडणं) लागू शकेल.

मग भूल दिली. दुर्बिणीने पाहणी चालू असताना सहायक डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर आल्या. बाहेर आई थांबलेली होती. गर्भाशय काढण्यासाठी त्यांनी आईची संमती घेतली आणि त्या परत आत गेल्या. त्या दिवशी त्या महिलेचं गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि दोन्ही गर्भनलिका काढल्या गेल्या.

१५ मे रोजी ती क्लिनिकमधून बाहेर पडली, बिल न भरता. २३ मे रोजी डॉक्टरांनी पोलिसांत तक्रार दिली की रुग्णाच्या मित्राने आपल्याला शिवीगाळ केली, धमकावलं आणि वैद्यकीय सल्ला धुडकावून, पैसे न देता तिला घेऊन गेला. ३१ मे रोजी रुग्णाची तक्रार आली: मला न विचारता माझे अवयव काढले. ५ जूनला डॉक्टरांची ३९,३२५ रुपयांची कायदेशीर नोटीस निघाली. उलट बाजूने २५ लाखांच्या भरपाईची मागणी झाली आणि १९ जानेवारी १९९६ रोजी प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे दाखल झालं.

पुढे हा खटला विधी महाविद्यालयांत रुग्णाच्या नावाने शिकवला जाऊ लागला. रुग्णाची माहिती गोपनीय राहावी हाही रुग्णाचा हक्कच आहे, आणि इथे तर तिच्या शरीरातून काय काय काढलं हे तिच्या नावानिशी कायद्याच्या पुस्तकांत छापलेलं आहे. म्हणून नावं गाळून लिहितो. ज्यांना शोधायचं आहे त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निकालावरून सापडेल.

तारखांचा एक योगायोग मात्र नोंदवण्यासारखा आहे. शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते की नाही यावर वाद चालू होता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात तो मिटवला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ‘सेवा’ आहे, असं ठरलं. त्यानंतर दोन महिन्यांनी ही तक्रार दाखल झाली.

आयोगाने काय पाहिलं, न्यायालयाने काय पाहिलं

राष्ट्रीय आयोगाने १९ नोव्हेंबर २००३ रोजी तक्रार फेटाळली. आजार होता, तो एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर भलतीकडे वाढलेल्या होत्या. अवयव काढले नसते तर आजार आतडी आणि मूत्राशयापर्यंत पसरला असता. शस्त्रक्रिया काळजीपूर्वक झाली. मग चूक कुठे?

आपल्यापैकी बहुतेकांना ही विचारसरणी ओळखीची वाटेल. ‘बरी झाली ना? मग कशाला कोर्टकचेरी?’ घरात असं म्हणणारं कुणीतरी असतंच. आयोगाचा निर्णय याच प्रश्नाची सभ्य, कायदेशीर आवृत्ती होता.

सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. एन. अग्रवाल, न्या. पी. पी. नावलेकर आणि न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या पीठाने प्रश्नच वेगळा मांडला. शस्त्रक्रिया चांगली होती का, हा मुद्दा बाजूला ठेवा. ती करायला परवानगी होती का, आणि ती कुणाची?

डॉक्टरांच्या बाजूने तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की संमतीपत्रावर ‘लॅपरोटॉमी’ लिहिलंच होतं आणि त्यातच गर्भाशय काढणं येतं. न्यायालयाने हे मानलं नाही. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणं. पोट उघडून आत काय करायचं याची परवानगी त्या शब्दात येत नाही. दुसरी गोष्ट आईची. न्यायालयाचं उत्तर साधं आहे. रुग्ण अल्पवयीन नव्हती, मानसिकदृष्ट्या अक्षम नव्हती, स्वतःचा निर्णय घ्यायला पूर्ण समर्थ होती. भुलीमुळे काही वेळापुरती बेशुद्ध होती, इतकंच. प्राणावर बेतलेलं काही नव्हतं, आणि काम तर अजून निदानाच्याच टप्प्यावर होतं. तिला शुद्धीवर येऊ द्यायचं, दुर्बिणीत काय दिसलं ते सांगायचं आणि मग तिला विचारायचं. आईला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण ती खरी असू शकते. जे केलं ते रुग्णाच्या भल्यासाठी केलं. पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड, पुन्हा खर्च, हे सगळं वाचवलं. न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट त्यांनी सद्‌भावनेनेच केलं असं धरलं. तरीही वेळ, खर्च किंवा वेदना वाचल्या हा बिनपरवानगी शस्त्रक्रियेचा बचाव होऊ शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

गरजेचं आणि सोयीचं

ही रेषा न्यायालयाने आखली ती कॅनडातल्या दोन जुन्या खटल्यांचा आधार घेऊन, आणि ती जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३३ च्या नोव्हा स्कोशियातल्या प्रकरणात हर्नियाची शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला एक वृषण रोगट आढळलं आणि त्याने ते काढलं. रुग्णाने दावा केला. जिवाला व आरोग्याला धोका होता, थांबणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून सर्जन सुटला. १९४९ साली ब्रिटिश कोलंबियात सिझेरियन चालू असताना डॉक्टरला गर्भाशयात गाठी दिसल्या. पुढचं बाळंतपण धोक्याचं ठरेल म्हणून त्याने त्याच वेळी नळ्या बांधून टाकल्या. इथे डॉक्टर दोषी ठरला. धोका पुढचा होता, त्या क्षणाचा नव्हता. बाई शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. पोट उघडलेलंच आहे तर आत्ताच करून टाकू, ही सोय झाली. गरज नव्हे.

त्याहूनही जुना एक खटला १९१४ सालचा, न्यूयॉर्कचा. एका महिलेने इथर देऊन फक्त तपासणी करायला होकार दिला होता, शस्त्रक्रियेला स्पष्ट नकार कळवला होता, आणि डॉक्टरांनी गाठ काढून टाकली. प्रौढ आणि शुद्ध मनाच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, हे न्या. कार्डोझो यांचं जगभर उद्धृत होणारं मत त्याच खटल्यातलं. (रुग्णालय धर्मादाय असल्यामुळे ती महिला खटला हरली, हे मात्र उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत.) भूल देऊन ‘फक्त पाहतो’ म्हणायचं आणि पाहता पाहता काढून टाकायचं, हे ८१ वर्षांनी दिल्लीत पुन्हा घडलं.

दिल्लीच्या प्रकरणात गरज की सोय, याचं उत्तर शोधायला फार खोलात जावं लागत नाही. नऊ दिवसांचा रक्तस्राव त्रासाचा होता, पण ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. एंडोमेट्रिओसिससाठी औषधं, मर्यादित शस्त्रक्रिया आणि अवयव काढणं असे वेगवेगळे मार्ग असतात. शेवटचा मार्ग परतीचा नाही. दोन्ही अंडाशय काढले की पाळी कायमची जाते आणि ती हळूहळू न जाता एका दिवसात जाते. अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं हे पुढे येऊ शकतं, काही जणींना संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मूल होण्याची शक्यता संपते. ४४ व्या वर्षी ती तशीही किती होती, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ती शक्यता तोलायची कुणी, एवढाच प्रश्न आहे, आणि ती तोलणारी व्यक्ती त्या वेळी टेबलावर झोपलेली होती.

डॉक्टरांनी काय करायला हवं होतं याचं उत्तर निकालातच आहे आणि ते डॉक्टरांच्या विरोधातलं मुळीच नाही. निदान आणि उपचार दोन्हींची एकत्रित संमती आधीच घेता येते. एखादी विशिष्ट जादा शस्त्रक्रिया लागू शकेल असा अंदाज असेल, तर तिचं नाव घेऊन आधीच विचारता येतं. म्हणजे आदल्या दिवशी सोनोग्राफी पाहून झाल्यावर एवढं बोलणं पुरलं असतं: ‘आत असं असं दिसलं तर काय करायचं? लगेच काढू की तुम्ही शुद्धीवर आल्यावर बोलू?’ रुग्णाने ‘लगेच काढा’ म्हटलं असतं तर खटला उभाच राहिला नसता. ‘थांबा’ म्हटलं असतं तरी नाही.

निकाल, आणि त्यातली मला न पटलेली बाजू

शेवटी न्यायालयाने डॉक्टरांची शस्त्रक्रियेची सगळी फी नाकारली, २५,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला लावला. मागितले होते २५ लाख. जवळजवळ १३ वर्षांनी मिळालेली ही रक्कम वाचून अनेकांना राग येतो. मला तो पूर्ण समजत असला तरी या निकालाचं वजन त्या आकड्यात नाही. ‘चांगल्यासाठीच केलं’ हे पुरेसं नाही, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं, तिथे आहे.

न पटणारी गोष्ट दुसरीच. डॉक्टरने किती सांगावं, या प्रश्नावर न्यायालयापुढे दोन वाटा होत्या. अमेरिकी वाट अशी की, साधारण समजूतदार रुग्णाला निर्णय घ्यायला जे कळणं गरजेचं वाटेल ते सगळं सांगा. ब्रिटिश वाट अशी की, जबाबदार डॉक्टरांच्या वर्गात जितकं सांगण्याची रीत आहे तितकं सांगा. न्यायालयाने दुसरी निवडली. उपचाराचं स्वरूप, उद्देश, फायदे, दुसरे पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सांगायलाच हवं. दूरचे, क्वचितचे धोके सांगण्याची सक्ती नाही. कारण काय दिलं? आपल्याकडच्या रुग्णांत बहुसंख्य गरीब, निरक्षर किंवा अर्धशिक्षित. त्यांना वैद्यकीय संज्ञा कळणार नाहीत, सगळं सांगितलं तर घाबरून गरजेचा उपचारही टाळतील.

गरीब माणसाला कमी सांगितलं तरी चालेल, कारण तो गरीब आहे, असाच याचा अर्थ निघतो. वास्तविक ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, इंटरनेटवर शोधता येत नाही, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला परवडत नाही, त्यालाच जास्त सांगण्याची गरज असते. सोप्या मराठीत, चित्र काढून, दोनदा. शिवाय न्यायालयाने ज्या इंग्लंडची वाट धरली, ते इंग्लंड स्वतःच पुढे त्या वाटेवर राहिलं नाही. मार्च २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रसूतीसंबंधीच्या एका स्कॉटिश प्रकरणात कसोटी बदलली आणि त्या रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटला असता, तो सांगायलाच हवा असं ठरवलं. आपण अजून २००८ च्या मापावरच आहोत.

बीडची आठवण

हा खटला दिल्लीतल्या, खासगी क्लिनिकमध्ये जाऊ शकणाऱ्या, वकील लावू शकणाऱ्या महिलेचा. महाराष्ट्रात ‘पिशवी काढणं’ हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात त्या बायका वेगळ्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,००० हून अधिक महिलांच्या पाहणीत १३,००० हून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात जायचं, ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं ऐकायचं, मुकादमाची उचल डोक्यावर, पाळीच्या दिवसांतला खाडा परवडणारा नाही, मग काढून टाकायची.

यांच्या कागदांवर अंगठे किंवा सह्या असतातच. बहुतेकींनी स्वतः दिलेल्या. मग दिल्लीच्या निकालाचा इथे काय उपयोग? उपयोग हा की संमती खरी असायला ती पुरेशा माहितीवर उभी हवी, हे त्याच निकालात आहे. औषधाने बरं होणाऱ्या त्रासासाठी कॅन्सरची भीती घालून घेतलेला अंगठा त्या कसोटीला उतरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. तो खटला बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनुभवांवरून उभा राहिला होता. बीड त्या यादीत सहज बसलं असतं.

रुग्णाच्या बाजूचं काम

रुग्णहक्कांबद्दल लिहिणाऱ्यांना जबाबदाऱ्यांचं कलम बहुधा शेवटी, घाईत उरकायचं असतं. या प्रकरणात ते उरकता येत नाही, कारण १५ मे नंतरचे तीन आठवडे त्याच कलमाभोवती फिरतात.

बिलापासून सुरू करू. ती पैसे न देता गेली. १३ वर्षांनी न्यायालयाने फी नाकारली, म्हणजे तिचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं. पण म्हणून ‘पटलं नाही तर बिल बुडवा’ हा धडा कुणी घेऊ नये. वाद असेल तर तो बिलावरच लिहायचा, ‘हरकतीसह भरले’ असं नोंदवून पैसे भरायचे आणि प्रत घ्यायची. भरता येत नसतील तर तसं लेखी द्यायचं. दुसरी बाजूही सांगायला हवी: बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या १७ हक्कांच्या सनदेत हे स्पष्टपणे आहे. रुग्णालय वसुलीसाठी नोटीस देऊ शकतं, दावा करू शकतं. इथे डॉक्टरांनी तेच केलं, नोटीस पाठवली.

शिवीगाळीचा आरोप खरा होता की नव्हता यावर मी बोलणार नाही. पण कल्पना करा की तो खरा ठरला असता. अवयव न विचारता काढल्याची एवढी मोठी तक्रार, आणि पोलीस ठाण्यात आधी नोंद काय? धमकीची, तीही आठ दिवस आधी. महाराष्ट्रात आज असा प्रकार २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याखाली जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतोड केली असेल तर नुकसानीच्या दुप्पट रक्कम. वॉर्डात घातलेला धिंगाणा बहुतेक वेळा रुग्णाचाच खटला बुडवतो.

त्याऐवजी हातात कागद हवेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांच्या आत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि आंतररुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं जपावं लागतं. दिल्लीच्या खटल्याचा निकाल कशावर लागला? संमतीपत्रावर भरलेल्या एका ओळीवर. तो कागद नसता तर दोन्ही बाजूंची फक्त तोंडी जुंपली असती. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. संमतीपत्र, शस्त्रक्रियेच्या नोंदी, भुलीची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नाव घेऊन, लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

याआधीची जबाबदारी म्हणजे बोलणं. आधीचे आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं लपवायची नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जाणारं काम म्हणजे आपली मर्यादा सांगणं. मला मूल हवं आहे. मला रक्त चढवायचं नाही. मला फक्त निदान हवं आहे. संमतीपत्र छापील असलं तरी त्यावर पेनाने लिहायला कुणाची बंदी नाही: ‘फक्त तपासणीला संमती. जिवाला धोका नसेल तर काहीही काढण्याआधी मला शुद्धीवर आणून विचारावे.’ खाली सही, तारीख, वेळ. डॉक्टर यावर नाराज झाले तर ते शस्त्रक्रियेआधी कळलेलं बरं. फॉर्म कळत नसेल तर मराठीत समजावून मागायचा. समजला नाही तोवर सही नाही. यात उद्धटपणा काही नाही, वेळ मात्र जातो, आणि तो सकाळी आठला भुलीच्या आधी न मागता आदल्या दिवशी मागायला हवा.

आणि आता ती आई.

आईला दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. मुलगी आत, डॉक्टर घाईत, प्रश्न एकच: करू ना? अशा वेळी ‘हो’ म्हणणं हेच प्रेम वाटतं. आपल्याकडच्या रुग्णालयांत ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ ही हाक ज्याने ऐकली आहे त्याला हे सांगायला नको. काका पुढे होतात, जावई पुढे होतात, ज्याच्या हातात पेन येतं तो सही करतो. मला वाटतं, बाहेर बसलेल्या माणसाचीही एक जबाबदारी आहे आणि ती कुठल्याच सनदेत लिहिलेली नाही: आधी एक उलट प्रश्न विचारायचा. ‘आत्ता नाही केलं तर जिवाला धोका आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर सहीसाठी एक मिनिटही घालवू नका. खऱ्या आणीबाणीत डॉक्टर कुणाच्याही सहीसाठी अडून राहू शकत नाहीत, प्राण वाचवणं हे त्यांचं पहिलं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच अपघातग्रस्तांच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. उत्तर ‘नाही, पण पुन्हा भूल द्यावी लागेल’ असं असेल, तर म्हणायचं, ‘मग तिला शुद्धीवर येऊ द्या, डॉक्टर. ती काय ते सांगेल.’

आज हे घडलं तर

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. त्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी, १५ ठरावीक सेवांचे दर लावायला हवेत. दाद मागण्यासाठी स्थानिक यंत्रणा असावी अशीही तरतूद आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात की रिसेप्शनच्या मागची भिंत पाहा. देवाचा फोटो असतो, विमा कंपन्यांच्या कॅशलेस यादीचा फलक असतो. सनद असलीच तर कुंडीमागे असते. मागितली की मात्र बहुतेक ठिकाणी सापडते, एवढा अनुभव अनेक रुग्णहक्क कार्यकर्ते सांगतात.

दाद मागायची तर मार्ग तीन, आणि त्यांची कामं वेगळी. पैशांची भरपाई ग्राहक आयोगाकडे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. तिथे भरपाई मिळत नाही, नोंदणीवर कारवाई होऊ शकते. नियमभंग, दरफलक, सनद यांची तक्रार स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे महापालिका क्षेत्रात आरोग्य विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. पोलिसांकडे धावण्याआधी हे लक्षात घ्यावं की फौजदारी निष्काळजीपणासाठी २००५ च्या एका निकालाने बरीच उंच पायरी ठेवली आहे. गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची अपेक्षा आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं असते. दिल्लीच्या रुग्णाने आठ महिन्यांत तक्रार केली होती.

राहिला तो नियम, ज्याच्यामुळे नातेवाइकांच्या सहीची सवय इतकी घट्ट बसली असावी. वैद्यकीय परिषदेच्या त्याच २००२ च्या नियमांत ७.१६ क्रमांकाचं कलम आहे. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची हे ते सांगतं: पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास आई-वडील किंवा पालक, किंवा खुद्द रुग्ण, जसं लागू असेल तसं. क्रम पुन्हा वाचा. रुग्ण शेवटी. ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकतं तिथे तर पती-पत्नी दोघांची संमती लागेल असंही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणी संमती देण्याचा प्रश्नच नाही असं म्हटल्यानंतरही या कलमाची भाषा बदललेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम अधिसूचित केले, त्याच महिन्यात ते स्थगित झाले, आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले.